अंगठा दाबण्याआधी वाचा

मोबाईल फोन आता घरोघरी झाला आहे. शेतावर निघालेल्या माणसाच्या खांद्यावर फावडे असते आणि खिशात फोन असतो. बाजारभाव फोनवर कळतो. पावसाचा अंदाज फोनवर कळतो. पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलाचे तोंड फोनवर दिसते. ही फार चांगली गोष्ट आहे. फोनाला नावे ठेवण्यासाठी आम्ही हा धडा लिहीत नाही.

पण या फोनाबरोबर एक पीडाही घरात आली आहे. फोन नुसता फळीवर ठेवलेला असतो. कोणी त्याला हात लावलेला नसतो. तरी तो टिंगकन वाजतो. पाहावे तर वर एक ओळ आलेली असते. ‘तुम्हाला बक्षीस लागले!’ ‘दोन मिनिटांत कर्ज घ्या!’ ‘तुमच्या फोनात ५ व्हायरस सापडले!’ एक पुसली की दुसरी येते. दुसरी पुसली की तिसरी येते. कधी कधी चारचौघांत फोन उघडायची लाज वाटावी, अशी चित्रे येतात.

ही पीडा येते कोठून? तिला आत घेतले कोणी? आणि तिला बाहेर कसे काढायचे? एवढेच आज आपल्याला शिकायचे आहे.

फोनातली दवंडी

पूर्वी गावात दवंडी पिटत असत. कोतवाल हलगी वाजवी आणि मोठ्याने सांगे, “ऐका हो ऐका!” सारा वसुलीची तारीख असो, देवी टोचायची असो, बातमी दवंडीनेच कळे. पण दवंडी कोणीही उठून पिटू शकत नसे. त्याला पाटलाची आज्ञा लागे.

फोनावर जी ओळ वाजत येते, ती फोनातली दवंडीच आहे. तिला इंग्रजीत नोटिफिकेशन म्हणतात. मराठीत सूचना म्हणतात. सूचना ही वाईट वस्तू नाही. खात्यात पैसे जमा झाले, हे बँक कळवते. उद्या मुसळधार पाऊस आहे, हेही कळते. अशी सूचना आपल्या उपयोगाची असते.

सूचना मुख्यतः दोघांकडून येतात. एक म्हणजे ॲप. ॲप म्हणजे फोनात आणून बसवलेले एखादे काम करणारे साधन. फोनातली विजेरी हे ॲप, पैसे पाठवायचे तेही ॲप. दुसरी म्हणजे वेबसाइट. वेबसाइट म्हणजे दूरच्या संगणकावर ठेवलेली पाने. ती पाने आपल्याला उघडून दाखवणारे जे ॲप असते, त्याला ब्राउझर म्हणतात. आपल्याकडच्या पुष्कळ फोनांत क्रोम नावाचा ब्राउझर असतो. गूगल कंपनीने तो २००८ साली काढला.

पूर्वी वेबसाइटचे पान बंद केले की तिचा आवाजही बंद होई. २०१५ साली क्रोममध्ये नवी सोय झाली. पान बंद असले तरी वेबसाइटला आपल्या फोनावर सूचना पाठवता येऊ लागली. हेतू चांगला होता. बातमी लगेच कळावी, सामन्याच्या धावा कळाव्यात, असा तो हेतू. पण त्यात एक नियम ठेवला होता. वेबसाइटने आधी आपल्याला विचारले पाहिजे.

म्हणून पान उघडले की कधी कधी एक छोटी चौकट पुढे येते. ही वेबसाइट तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते, असे त्यात लिहिलेले असते. खाली दोन बटणे असतात. एकावर ‘अनुमती द्या’ असे असते. इंग्रजी फोनात ते ‘अलाऊ’ असते. दुसऱ्यावर ‘ब्लॉक करा’ असते. ब्लॉक करा म्हणजे अडवा.

आता सारे कोडे उलगडते. हा दवंडीवाला भिंत फोडून आत आलेला नाही. त्याने दार वाजवले, आणि आपण न वाचता कडी काढली.

निशाणी, अंगठा आणि बटण

न वाचता संमती देण्याचे दुःख आपल्या मुलखाला नवे नाही. १८७५ साली मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. त्यांचा डोळा होता कर्जरोख्यांवर. हाती लागले ते रोखे त्यांनी जाळून टाकले. हे लोण पुणे आणि नगर या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. त्याला इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात.

दंग्याची कारणे अनेक होती. कापसाचे भाव पडले होते. सरकारने सारा वाढवला होता. पण एक कारण असे होते की, रोख्यावर काय लिहिले आहे ते शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. सावकार लिही आणि शेतकरी खाली निशाणी करी. पुढे १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्याचा रोखा सरकारने नेमलेल्या गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिला जावा, असे त्यात ठरवले.

निशाणी गेली, अंगठा आला. अंगठा गेला, सही आली. आपण सही करायला शिकलो, याचा आम्हाला फार आनंद आहे. पण मंडळी, फोनावर आपण पुन्हा अंगठेबहाद्दर होत आहोत. चौकट आली की दाबला अंगठा! त्या चौकटीवर काय लिहिले होते, असे विचारले तर सांगता येत नाही. फोनाचे बटण म्हणजे देखील एक कागदच आहे. त्यावर अंगठा पडला की संमती दिली गेली.

तात्यांचा फोन

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक गृहस्थ येतात. गाव त्यांना तात्या म्हणते. एके दिवशी ते वर्ग सुटल्यावर मागे थांबले.

“गुरुजी, ह्या फोनाला कायतरी बाधा झालीया बघा,” तात्या म्हणाले. “रातच्याला दोन वाजता वाजतोय. घरात कुणाला झोप नाही.”

“कधीपासून हो तात्या?”

“झालं की पंधरा-वीस दिस.”

“त्या सुमाराला काही नवीन उघडलं होतं का?”

तात्यांनी आठवून पाहिले. “सोयाबीनचा भाव बघत होतो. एक पान उघडलं. त्यावर आलं, तुम्ही माणूस आहात का यंत्र आहात ते दाखवा. त्यासाठी हे बटण दाबा. आता मी काय यंत्र हाय का? दाबलं बटण!”

“आणि भाव दिसला?”

“कशाचा भाव, गुरुजी! दुसरंच पान आलं. त्यावर पुन्हा तेच. मी तीन-चार वेळा दाबलं.”

ही युक्ती फार चालते, म्हणून ती नीट समजून घ्या. ‘मी रोबोट नाही’ अशी खरी तपासणी काही वेबसाइटवर असते. पण ती त्या पानावरच होते. तिला सूचना पाठवण्याची अनुमती कधीही लागत नाही. ‘तुम्ही माणूस आहात हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असे कोणी म्हणत असेल तर तो लबाड आहे, असे खुशाल समजा. ‘चित्रपट पाहण्यासाठी अलाऊ दाबा’, ‘फाईल उतरवून घेण्यासाठी अलाऊ दाबा’, ही त्याच युक्तीची भावंडे.

तात्यांच्या क्रोमची यादी आम्ही उघडून पाहिली. त्यात अकरा वेबसाइटना अनुमती दिलेली होती. त्यांतल्या एकीचेही नाव तात्यांना ठाऊक नव्हते. अकरा जण रात्रंदिवस दवंडी पिटत होते!

यात तात्यांची नुसती झोप मोडली असती तर आम्ही एवढे लांबण लावले नसते. पण त्यांचे खरे नुकसान निराळेच झाले. ओळी येतात त्या साऱ्या खोट्या, असे त्यांच्या मनाने घेतले. फोन वाजला की न पाहता ते सगळे एका बोटाने पुसून टाकत. त्याच गर्दीत त्यांच्या बँकेचा निरोप आला होता. पीककर्जाचा हप्ता अमुक तारखेच्या आत भरा, म्हणजे व्याजात सवलत मिळेल, असा तो निरोप. कचऱ्याबरोबर तोही पुसला गेला. शेजाऱ्याने सांगितले तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. सवलत बुडाली.

लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण ऐकली आहे. खोट्या ओरड्याने खरी हाक वाया जाते. खोट्या सूचनांचे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे.

उपाय पहिला: वेबसाइटची दवंडी बंद करणे

जी अनुमती आपण दिली, ती आपल्यालाच काढून घेता येते. त्याला पैसे लागत नाहीत. दुकानात जावे लागत नाही. फोन बदलावा लागत नाही. आम्ही सांगतो ते अँड्रॉइड फोनाविषयी आहे. गावात बहुतेकांकडे तोच असतो. फोनाफोनात नावे थोडी इकडेतिकडे असतील. त्याने घाबरू नका.

आधी ओरडतो कोण ते ओळखा. सूचना आली की तिच्यावर टिचकी मारू नका. बोट तिच्यावर दाबून धरा. ती कोणत्या ॲपची आहे, ते नाव दिसते. तेथे क्रोमचे नाव दिसले तर ओरडणारी बहुधा एखादी वेबसाइट आहे, असे समजा. मग पुढीलप्रमाणे करा.

१. क्रोम उघडा. त्याचे चिन्ह गोल आहे. भोवती तांबडा, पिवळा, हिरवा रंग आणि मध्ये निळा ठिपका.

२. वर उजव्या कोपऱ्यात एकाखाली एक असे तीन ठिपके आहेत. ते दाबा.

३. यादी खाली उघडेल. तिच्यातले ‘सेटिंग्ज’ दाबा.

४. तेथे ‘साइट सेटिंग्ज’ शोधा आणि दाबा.

५. तेथे ‘सूचना’ किंवा ‘नोटिफिकेशन्स’ शोधा आणि दाबा.

६. आता ज्या वेबसाइटना आपण अनुमती दिली आहे, त्यांची यादी दिसेल. एक एक नाव वाचा. जे नाव ओळखीचे नाही, ते दाबा आणि ‘ब्लॉक करा’ म्हणा.

७. कोणत्याच वेबसाइटची सूचना नको असेल, तर त्याच पानावर वरची मुख्य कळ बंद करा. मग कोणतीही नवी वेबसाइट सूचनांसाठी दार वाजवणार नाही.

शेतकऱ्याला वेबसाइटच्या सूचनांची गरज क्वचितच पडते. बँकेचे निरोप एसएमएसने येतात. पैशांच्या ॲपचे निरोप त्या ॲपमधून येतात. क्रोमची ही कळ बंद केल्याने ते थांबत नाहीत. म्हणून कळ बंद करायला भिऊ नका.

उलट, रागाच्या भरात साऱ्या फोनाच्याच सूचना बंद करू नका. ढेकूण झाले म्हणून कोणी बाज जाळत नाही. ढेकूण तेवढे काढायचे.

आक्कांचा फोन

तात्यांचे काम अर्ध्या घटकेत झाले. मात्र बचत गटातल्या एका आक्कांचे दुखणे वेगळे निघाले. त्यांच्या फोनावर एकदा लाल रंगाचे पान आले. ‘तुमच्या फोनात व्हायरस आहे. ताबडतोब साफ करा, नाही तर फोन बंद पडेल,’ असे त्यावर लिहिले होते. वर उलटे आकडे पळत होते. आक्का घाबरल्या. गटाचा हिशेब त्या फोनात होता. त्यांनी ‘साफ करा’ दाबले. फोन साफ करणारे एक ॲप फोनात येऊन बसले.

“तवापासनं बघा गुरुजी,” आक्का म्हणाल्या, “कुणाला फोन लावायला जावं तर मधीच जाहिरात. ती बंद करायची फुली सापडत नाही. सापडली तर दाबता येत नाही, एवढी बारीक.”

त्यांच्या क्रोमच्या यादीत काहीच नव्हते. म्हणजे ओरडणारी वेबसाइट नव्हती. ते नवे ॲपच ओरडत होते. अशा ॲपला इंग्रजीत ॲडवेअर म्हणतात. आपण त्याला जाहिरातखोर ॲप म्हणू. ते दुसरेच काम सांगून आत येते. फोन साफ करतो, विजेरी देतो, बॅटरी वाचवतो, असे सांगते. आत आल्यावर मात्र वेळी अवेळी जाहिराती दाखवणे हाच त्याचा धंदा.

आता एक गोष्ट मनात पक्की करा. वेबसाइटला आपल्या फोनाच्या पोटात शिरून व्हायरस मोजता येत नाहीत. रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस तुमच्या भिंतीकडे पाहून म्हणाला, ‘तुमच्या कणगीत पाच साप आहेत,’ तर तुम्ही त्याच्या हाती घराची किल्ली द्याल का? ते लाल पान तसेच आहे. ते चित्र आहे. तपासणी नाही.

असे पान आले तर त्यावरचे कोणतेही बटण दाबू नका. ‘नको’ असे लिहिलेले बटणही दाबू नका. ते पानच त्याचे असल्यामुळे ‘नको’ देखील त्याचेच. पानावर दिलेल्या नंबराला फोन करू नका. उघडी ॲपे दाखवणारे बटण फोनाच्या तळाशी असते. काही फोनांत तळापासून बोट वर सरकवावे लागते. तेथून क्रोम बाजूला सारून बंद करा. भीती तेथेच संपली.

उपाय दुसरा: जाहिरातखोर ॲप काढणे

१. जाहिरात पुढे आली की लगेच उघडी ॲपे दाखवणारे बटण दाबा. जाहिरात कोणत्या ॲपची आहे, ते पुष्कळदा तेथेच पकडले जाते.

२. फोनाच्या ‘सेटिंग्ज’मध्ये जा. तेथे ‘ॲप्स’ उघडा. पीडा कधी सुरू झाली ते आठवा. त्या सुमाराला आलेले अनोळखी ॲप शोधा.

३. त्या नावावर दाबा आणि ‘अनइंस्टॉल’ करा. अनइंस्टॉल म्हणजे काढून टाका.

४. ते निघत नसेल तर त्याने फोनाचा कारभारी होण्याची परवानगी घेतलेली असते. सेटिंग्जमध्ये वर शोधायची जागा असते. तेथे ‘डिव्हाइस ॲडमिन’ शोधा. त्या ॲपची कळ बंद करा. मग ते निघते.

५. जाहिराती काम करूच देत नसतील तर फोन ‘सेफ मोड’मध्ये चालू करा. फोन बंद करायचे बटण दाबून धरा. पडद्यावर ‘पॉवर ऑफ’ आले की त्यावर बोट दाबून धरा. पुष्कळ फोनांत सेफ मोडची विचारणा होते. सेफ मोडमध्ये फोनाची मूळची ॲपे तेवढी चालतात, बाकीची निजलेली असतात. निजल्या चोराला बाहेर काढणे सोपे. ॲप काढून फोन पुन्हा बंद करून चालू करा.

६. शेवटी ‘प्ले स्टोअर’ उघडा. वर कोपऱ्यात आपले चित्र किंवा अक्षर असते, ते दाबा. तेथे ‘प्ले प्रोटेक्ट’ आहे. त्यात ‘स्कॅन’ दाबा. फोनातल्या ॲपांची तपासणी होते. ही सोय गूगलने २०१७ साली सुरू केली. तिला पैसे पडत नाहीत.

आक्कांनी ते ॲप आपल्या हाताने काढले. आम्ही फक्त शेजारी बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी गटातल्या तिघींचे फोन तपासून दिले.

येथे कोणी म्हणेल, प्ले स्टोअरमधले ॲप तरी चांगले असेलच ना? तेथून घेतलेले बरे, हे खरे. निरोपातून आलेली ॲपची फाईल तर कधीच उघडू नये. पण प्ले स्टोअरमध्येही पारखून घ्यावे लागते. २०२० साली फेब्रुवारीत गूगलने तेथून सुमारे ६०० ॲपे काढून टाकली. ती अवेळी जाहिराती मारून लोकांना हैराण करीत होती. बाजार मोठा असला तरी भाजी दाबून पाहूनच घ्यावी.

हे करतात कशासाठी?

तात्यांनी विचारले, “गुरुजी, माझी झोप मोडून त्यांना काय मिळतं?”

मिळते ते पैसे मिळतात. जाहिरात दाखवणाऱ्याला दर दाखवण्यामागे किंवा दर टिचकीमागे थोडी रक्कम मिळते. एका फोनावर ती नगण्य असते. पण असे लाखो फोन झाले म्हणजे थेंबे थेंबे तळे साचते. याहून वाईट म्हणजे काही ओळींच्या मागे सरळ ठक असतात. बक्षिसाचे आमिष दाखवून ते बँकेचा गुप्त आकडा काढून घेतात.

आपणहून उडी मारून पुढे येणारी जाहिरात ही जुनी कल्पना आहे. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात ट्रायपॉड नावाच्या कंपनीत एथन झुकरमन नावाचे गृहस्थ कामाला होते. वेगळ्या खिडकीत उघडणाऱ्या जाहिरातीची पहिली आज्ञावली त्यांनी लिहिली. पुढे २०१४ साली त्यांनी एका लेखात त्याबद्दल जगाची माफी मागितली. हेतू बरा होता, पण पीडा वाढली, असे त्यांचे म्हणणे. ज्याने दार केले त्यालाच पश्चात्ताप झाला. मग आपण कडी सांभाळायला नको का?

पैसे गेलेच तर

एवढे करूनही कोणी फसला आणि पैसे गेले, तर लाजून घरात बसू नका. लाजण्यासारखे काम ठकाने केले आहे, तुम्ही नाही. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. असल्या फसवणुकीसाठी सरकारने हा क्रमांक ठेवला आहे. आपल्या बँकेलाही त्याच घटकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत अडवण्याची आशा जास्त. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. दुसऱ्याचे सोंग घेऊन फोनावरून किंवा संगणकावरून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ६६-ड कलमाखाली गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

फसवणुकीच्या ओळी पुसून टाकू नका. त्यांचे चित्र काढून ठेवा. तक्रारीच्या वेळी पुरावा म्हणून ते उपयोगी पडते.

जे वाचता येत नाही त्यावर अंगठा नाही

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपण मराठी वाचायला शिकलो. पण पुष्कळांच्या फोनावर बटणे इंग्रजीत असतात. मग वाचणार कसे?

फोनालाच मराठी शिकवा. सेटिंग्जमध्ये ‘लँग्वेज’ म्हणजे भाषा असा भाग असतो. तेथे ‘मराठी’ जोडा आणि ती पहिली करा. फोनातली बहुतेक बटणे मराठीत होतात. आमच्या वर्गातल्या सर्वांनी हे केले. एक आजी म्हणाल्या, “आता फोन माझा वाटायला लागला.” फोन त्यांचाच होता. पण त्यावरचे लिखाण इतके दिवस परके होते.

तरीही एखादी चौकट वाचता आली नाही, तर नियम सोपा आहे. दाबू नका. थांबा. ‘उशीर होईल, लवकर दाबा’ असे कोणी घाई करत असेल तर आणखीच थांबा. सावकाराचा कारकूनही पूर्वी असेच म्हणे, ‘उठव लवकर अंगठा, मला दुसरीकडे जायचंय.’ खऱ्या कामाला दोन मिनिटे थांबल्याने काही बिघडत नाही. खोट्या कामाला मात्र वाचणारा माणूस परवडत नाही.

आपण म्हाताऱ्या वयात पाटी हाती घेतली, ती कशासाठी? केवळ सही करता यावी म्हणून नाही. कशाखाली सही करतो ते कळावे म्हणून. फोनाचे बटण दाबणे ही आजची सहीच आहे. ती रोज दहा वेळा करावी लागते. म्हणून दहा वेळा वाचा.

करून पाहा

१. आज रात्री आपल्या फोनातली क्रोमची यादी उघडा. किती नावे निघाली, ती पाटीवर लिहा. त्यांतली ओळखीची किती?

२. फोनाची भाषा मराठी करा. ‘अनुमती द्या’ आणि ‘ब्लॉक करा’ हे शब्द पाच पाच वेळा लिहा.

३. १९३० हा क्रमांक घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

४. शेजारच्या एका घरी जा आणि त्यांच्या फोनातली खोटी दवंडी बंद करून द्या. बटण त्यांना त्यांच्याच हाताने दाबू द्या.

प्रश्न

१. तात्यांनी न वाचता कोणते बटण दाबले? त्यामुळे बँकेचा निरोप कसा हुकला?

२. ‘तुमच्या फोनात व्हायरस आहे’ असे वेबसाइटचे पान सांगते, ते खरे का मानू नये?

३. सूचना वेबसाइटची आहे की ॲपची, हे कसे ओळखाल?

४. १८७५ सालचा शेतकरी आणि आजचा फोनवाला यांत सारखे काय आहे? वेगळे काय आहे? चौघांत बसून बोला.